बाबा, काका आणि माझे चाकू

सांगते ऐका. आमच्या घरात एक नियम आहे आणि त्यावर उलट विचारायचं नाही: हातची कला सावकाशच शिकायची. माझे बाबा आणि अकोल्याचे काका हा नियम ऑनलाइन गेममध्येही पाळतात. रिटायर झाल्यापासून दोघं माझ्यासोबत खेळतात. त्या गेममध्ये आम्ही तिघंही लोहार. जितक्या वस्तू घडवाल, तितकी लोहारकी वाढते.

ती झटपट वाढावी म्हणून मी ढीगभर फालतू चाकू घडवले. काका हेडफोनमधून ओरडले, "अवं पोरी, भाजी चिरायचं दुकान टाकून राहिली का?"

बाबा म्हणाले, "एक तलवार घडव, तिच्यानं लढ, मग दुसरी. कायची घाई आहे तुले?"

रविवारी ऐन लढाईत राक्षसासमोर दोघांच्याही लाडक्या तलवारी मोडल्या. त्या जोडणं फक्त वरच्या पातळीच्या लोहाराला जमतं. म्हणजे चाकू घडवून वर पोचलेल्या मला.

"बेटा, लवकर जोडून दे," बाबा म्हणाले.

"राक्षस अंगावर येऊन राहिला वं!" काका किंचाळले.

"नाही देत," मी म्हटलं. "तुमीच शिका ना, सावकाश. कायची घाई आहे तुमाले?"

हेडफोनमध्ये फक्त राक्षसाचं चावणं ऐकू येत होतं.