अनुमोदनाअभावी

नाही मामा, हरण्याची चीड नाही मला — रंगूनला आपला संघ हरला, ऑलिंपिकचं दार बंद झालं, होतं असं, खेळ आहे तो — मला शिसारी आली ती आपल्या माणसांच्या तोंडाची. ते फुटबॉलचं ब्लॅडर ठेवा ना क्षणभर खाली, ऐका. तीन दिवस, मोजून तीन दिवस कारखान्याच्या गेटसमोरच्या हॉटेलात एकच विषय — देशाच्या फुटबॉल संघाला नवा मॅनेजर कोण? जसं काही महासंघाचे लोक कोपरगावच्या निरोपाची वाट बघत अडून बसलेत! आपला वजनकाट्यावरचा छगन बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणतो, "गोरा आना! हंगेरीचा आना न्हाईतर रशियाचा, पन गोऱ्याबिगर गत न्हाई." पंचवीस वर्षं झाली गोऱ्याला घालवून, आणि हा त्याला बशीतून परत बोलावतोय. तर गहिनीनाथ म्हणतो, "गोऱ्याला आपलं ऊन सोसायचं न्हाई, हाफ टाइमालाच दवाखान्यात न्यावा लागंल. बंगाली आना." की लगेच तिसरा उठतो, "बंगाली आला की अकराच्या अकरा बंगाली! हैदराबादचा बघा." की चौथा, "हैदराबादचा आला तर आपल्या मराठी पोरांनी काय गोट्या खेळायच्या का?" — अहो, आपल्या किती मराठी पोरांना त्या संघानं दारात उभं केलंय? पण भांडण असं, की गल्लेवाला म्हणाला, कपबश्या फोडल्या तर उद्यापासून उभ्यानं प्या.

मी? मी होतो ना तिथं. खोटं कशाला बोलू, मीही बोललो. सगळे माझ्याकडं वळतात — "राधाकृष्ण, तू सांग, तू कलकत्त्याला चार वर्षं काढलीस." मग मी सांगतो. तिथं मैदानावर मॅच असली की कारकून ऑफिसं सोडून येतात, चिखलात उभे राहतात, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडतात, आणि गोल करणाऱ्याचं आडनाव कोणी विचारत नाही — निदान मी तरी कोणाला विचारताना ऐकलं नाही. तेच बघून परत आलो मी. मामांनी तिकडं नोकरी बघून ठेवली होती — माझे सख्खे मामा, रेल्वेतले — मी म्हटलं नको, मला गावाकडं जायचंय, तिथं हे असलं काहीतरी उभं करायचंय. आई अजून बोलते त्यावरून. असो.

तर तिसऱ्या दिवशी उत्तमराव आले. आपल्या फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष, कारखान्याचे संचालक, ते आले की खुर्ची पुसली जाते. म्हणाले, "आरं भांडता काय कोंबड्यावानी? फौजी मानूस आना. शिस्त पायजे! जो सोता खेळलाय, ज्यानं अनवानी पोरं घडवली, ज्याला आपल्या पोरांची बोली कळती, असा मानूस. जात नको, प्रांत नको." टाळ्या पडल्या मामा. छगननं शिटी मारली. आणि माझ्या — हसाल तुम्ही — माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण ते काय सांगत होते? फौजी — तुम्ही पंधरा वर्षं पलटणीत. स्वतः खेळलेला — पलटणीच्या टीमचे तुम्ही सेंटर हाफ. अनवाणी पोरं — नऊ वर्षं त्या कॅनॉलकडेच्या खडकाळ रानात आम्हाला पळवलं कोणी? मॅनेजर म्हणून हेडमास्तरांचं नाव असायचं पाटीवर, आणि ते फक्त फोटोला यायचे. त्या वर्णनात तुमचं नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. मला वाटलं, झालं, गाव बदललं. कसलं बदलतंय! थुंकावंसं वाटतं.

रविवारी सभा भरली शाळेत. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे — सोसायट्या आणि कारखाना करून करून माणसांच्या रक्तात ठराव भिनलाय. मैदानातलं कुत्रं हाकलायचं तरी एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो. एकानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं 'माझं अनुमोदन' म्हणायचं, आणि दुसरा मिळाला नाही तर पहिला बोललाच नव्हता असं धरायचं. लिहायचंसुद्धा नाही. तर ठराव पहिला — राष्ट्रीय संघाचा मॅनेजर जात, धर्म, प्रांत, भाषा न पाहता निव्वळ गुणवत्तेवर निवडावा अशी हे मंडळ महासंघास आग्रहाची विनंती करीत आहे. मसुदा माझाच. सर्वानुमते मंजूर. उत्तमराव म्हणाले एक प्रत दिल्लीला धाडा, एक पेपरला, आणि पेपरच्या प्रतीवर अध्यक्षांचं नाव ठळक करा.

ठराव दुसरा. हेडमास्तरांची बदली झाली अकोल्याला, पुढच्या रविवारी नगरला टूर्नामेंट, तेव्हा आपल्या मंडळाचा मॅनेजर कोण? आणि बन्सी उठला. आपला गोलकीपर बन्सी, बॉयलरवरचा, सभेत कधी ब्र काढत नाही तो. टोपी हातात घेऊन म्हणाला, "माझी सूचना, रंगनाथमामा. आत्ताच ठराव केला न्हवं का आपन?" एवढंच.

मग काय झालं सांगू? कोणी विरोध केला नाही. एकही नाही! विरोध केला असता तर बरं झालं असतं, माणूस भांडतो तरी. उत्तमराव हसले आणि म्हणाले, "रंगनाथ म्हंजी सोनं हाय सोनं. पन बन्सी, पोरांचा मुक्काम नगरला आमच्या सासुरवाडीत. मॅनेजर म्हंजी पोरांबरुबर आतल्या पंगतीला बसनार. आमाला काय न्हाई रं, पन घरात जुनी मानसं हायेत, त्यांचा जीव कशाला दुखवायचा?" सोळा वर्षं झाली तुम्ही लोक बौद्ध होऊन, आणि यांची जुनी माणसं अजून जेवायचीच आहेत! देशाला गुणवत्ता पाहिजे, आणि सासुरवाडीला? मग विचारलं, "अनुमोदक?" बन्सी एकेकाकडं बघत होता. ज्यांना तुम्ही पायात काटा मोडला तर पाठीवर घेऊन आणलंत, ते खाली फरशीकडं बघत होते. पुन्हा विचारलं, "अनुमोदक कोन?" मग म्हणाले, "अनुमोदनाअभावी सूचना बाद. फुडं."

काय? ... मी? मी तिथं — मी टेबलाशी होतो. चिटणीस ना मी, कार्यवृत्त लिहीत होतो. हातात पेन होतं मामा. लिहिणाऱ्यानं मध्ये हात वर करायचा नसतो, तसा — लिखित नियम नाही, पण संकेत आहे. आणि बन्सी बघत होता ते माझ्याकडंच असं काही नाही, सगळ्यांकडंच बघत होता. एक-दोन वेळा बघितलं असेल. मी म्हटलं दुसरं कोणीतरी उठेल. मी गावात नव्यासारखाच, परत येऊन आठ महिने झाले, कारखान्याच्या लॅबमधली नोकरी अजून पक्की नाही, पत्र उत्तमरावांच्या सहीनंच निघणार — नाही, त्याचा इथं संबंध नाही. ते मी उगीच बोललो.

मॅनेजर कोण झालं... तुम्हाला कळलं नाही? मला वाटलं बन्सीनं सांगितलं असेल. गहिनीनाथनं एक नाव सुचवलं. "शिकलेला हाय, कलकत्ता बघितलंय, घरचा पोरगा हाय." अनुमोदनाला सात हात वर. मी नको म्हणणार होतो, खरंच, वाक्य तयार होतं माझं. पण टाळ्या पडल्या, आणि उभं राहिल्यावर तोंडातून 'आभारी आहे' निघालं. पण मामा, मी मनात ठरवलंय, नाव माझं असलं तरी काम तुमचंच. म्हणून तर आलोय. पोरं माझं ऐकत नाहीत हो, काल अर्धी आलीच नाहीत. तुम्ही फक्त सांगा, डाव्या बाजूला कोण, बन्सीपुढं कोण, मी लिहून घेतो. पंगत, मुक्काम, ती कटकट तुम्हाला नकोच. तुमचा मान—

पिशवीत? वही आहे. मंडळाचीच. बघा ना, बघायला काय हरकत. पान चौदा. हो, ठराव पहिला... हा दुसरा. 'सर्वानुमते' — तसंच लिहितात. बन्सीचं नाव? ... नाही, तुमचंही नाही. म्हटलं ना, अनुमोदन नसलं की ते लिहीत नाहीत. म्हणजे, मी लिहिलं नाही.

आत्ता? आत्ता कसं लिहू? पेन आहे, पण खाली अध्यक्षांची सही झालीय मामा, सहीच्या वर ओळ घुसडायची म्हणजे... पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेत मी नक्की, तुमच्या शपथेवर— बरं. शपथ राहू दे. मिटतो वही.

म्हणजे टीमचं काहीच नाही सांगणार? ... हो. आलं लक्षात. निघतो मी.

मामा, एवढंच — मी इथं आलो होतो, ते बन्सीला तेवढं कळू...

बरं. बरं, लावतो दार.