सांबरडोहावरचा जाणता

ऐका. बॅटरी विझवा आधी, डोळ्यांवर मारू नका. आणि सरका जरा पुढं, ओरडून सांगायला माझ्यात दम उरलेला नाही.

सांबर मारायला निघालात म्हणे! काल मिशी फुटली आणि आज शिकारी झाले! बंदी आहे, फॉरेस्टवाले धरतील, तुरुंगात सडाल, ते तुमचं तुम्ही बघा. पण सांबरडोहाच्या वाटेनं जाणार म्हणालात ना, म्हणून बसवलं. त्या वाटेनं एक नवशिका गेला होता. कसा गेला आणि कसा आला ते ऐका, मग खुशाल जा.

बंदी नव्हती तेव्हाची गोष्ट. शिमग्याला सगळा गाव रान उठवायचा, आणि पहिला बार शेलारांचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान! पण अट होती. बार काढणाऱ्यानं आधी एक तरी जनावर एकट्यानं पाडलेलं असावं. आबाजी शेलारांनी तर वीस पाडली होती. पण म्हातारपणी त्यांना लकवा मारला. अंथरुणाला खिळले. मुलगा नाही. एकच लेक, सुंद्रा. आणि तिचा नवरा हैबती, घरजावई.

हैबती कुठला? माण तालुक्याचा. मेंढरांत वाढलेला. रान म्हणजे त्याला बोरीबाभळी! बंदूक कधी हातात धरली नव्हती. शिमगा आला चार दिवसांवर. आता मान जाणार खालच्या आळीच्या मोऱ्यांकडे. गावात कुजबूज. पाणवठ्यावर कुजबूज. अरे, घरजावयाचं जिणं म्हणजे काय, तुम्हाला काय ठाऊक! हसला तरी बोलणी, बसला तरी बोलणी.

त्या दिवशी संध्याकाळी हैबती जेवायला बसला. सासूनं भाकरी वाढली आणि वाढता वाढता म्हणाली, "लकवा म्हाताऱ्याला झाला, पन हात जावयाचं गेलं."

घास तसाच टाकला गड्यानं. उठला. सुंद्रा गोठ्यात धार काढत होती, तिला सांगितलं नाही. आबाजींची ठासणीची बंदूक खुंटीवरून काढली. नळीत दारू ओतली, गज घातला, गोळी ठासली. जसं सासऱ्याला करताना बघितलं होतं तसं. खांद्यावर घोंगडी टाकली आणि निघाला. एकटा! नवशिक्यानं एकट्यानं जाऊ नये, हा पहिला नियम. तो तिथंच मोडला.

दिवस बुडालेला. चांदणं पडलेलं. शिवेवरचा म्हसोबा ओलांडला, दहा पावलं गेला, तर दगडावर एक म्हातारा बसलेला. मुंडासं, पांढऱ्या मिशा, काटक अंग.

म्हातारा म्हणाला, "या, जावईबापू."

जावईबापू! लग्नाला दोन वर्षं झाली, पण या गावात इतक्या मानानं त्याला कोणी हाक मारली नव्हती. विरघळला की हो गडी! परक्या गावात गोड बोलणारा भेटला की माणूस विचार करत नाही. तुम्हीही केला नसता.

"सांबराला निघालायसा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"व्हय, बाबा. पन मला कायबी येत न्हाई."

"मंग चला. मी शिकवतो. ह्या रानात माझं सगळं आयुष्य गेलं."

निघाले दोघं. थोडं गेल्यावर म्हातारा थांबला. "वहाणा काढा. करकरत्यात. सांबराचं कान लई तिखट."

खरं होतं की नाही? सोळा आणे खरं! हैबतीनं चामड्याच्या वहाणा काढल्या, करवंदीच्या जाळीखाली ठेवल्या.

पुढं गेले. "तंबाकू हाय जवळ? चकमक? टाका. त्याचा वास मैलावरनं लागतो." हेही खरं. टाकली.

पुढं गेले. "मनगटात कडं हाय. चांदण्यात चमकतंय." खरं. लोखंडी कडं होतं, आईनं घातलेलं. ओढून ओढून काढलं आणि ठेवलं दगडावर.

आणखी पुढं. "घोंगडीला मेंढराचा वास येतोय. ती न्हाई चालायची." घोंगडी काढताना मात्र हैबती जरा घुटमळला. थंडी होती. आणि घराकडची तेवढीच एक वस्तू अंगावर होती. पण काढली. फांदीवर टाकली.

लक्षात आलं का? चामडं गेलं. विस्तव गेला. लोखंड गेलं. घोंगडी गेली. असल्या वाटेला माणसाला जे जे राखतं, ते एकेक करून उतरवलं. आणि सल्ला एकही खोटा नव्हता! कोणत्याही शिकाऱ्याला विचारा, हेच सांगेल. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं रे. खरं बोलून बुडवणाऱ्याला कसं पकडणार?

डोह आला. काळं पाणी. एक पान हलत नव्हतं. म्हाताऱ्यानं त्याला जांभळीच्या बुंध्याशी बसवलं. बंदुकीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिची वात कुटं हाय? पेटवायची वात?"

"हिला वात न्हाई, बाबा. घोडा आपटला की बार निगतो."

"नवी तऱ्हा," म्हातारा हसला. "बरं. आता शेवटचं ऐका. रानात बाईमानसाचा आवाज आला, तर ओ द्यायची न्हाई. हितं भुतं हायती."

बघा! कोण कोणाला भुताची भीती घालतंय, बघा!

हैबती हूं की चूं न करता बसला. दात वाजत होते, पण बसला. तेवढ्यात एक भेकर आलं. छोटं हरीण, लई भित्रं, पान पडलं तरी पळतं. ते डोहाकडे आलं ते म्हाताऱ्याच्या अगदी पुढ्यातून. म्हातारा उघड्यावर उभा. त्याच्या धोतराला घासून गेलं! बिचकलं नाही. मान वर केली नाही. जणू तिथं कोणी नाहीच. आणि हैबतीनं बोट हलवलं मात्र, टणकन उडी मारून पळालं.

हैबतीनं हळूच विचारलं, "बाबा, त्ये तुमाला भ्यालं न्हाई?"

"बारकं हाय. मोठं येतंय," म्हातारा म्हणाला. "गप ऱ्हावा."

हैबतीला उठावंसं वाटलं. पण उठून जायचं कुठं? रिकाम्या हातानं, त्या सासूसमोर? बसला तसाच. हावेनं नव्हे हो, लाजेनं बसला.

आणि मग लांबून आवाज आला. "अवो! अवो, ऐकलं का?"

सुंद्राचा आवाज! धार काढून आली, तर ताट तसंच, खुंटी मोकळी. कळलं तिला. तशीच निघाली होती. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून अवो, अवो करत रान धुंडाळत होती. हैबतीनं तोंड उघडलं.

"ओ दिऊ नका," म्हातारा कानाशी म्हणाला. "सांगितलंय न्हवं?"

तोंड मिटलं. आवाज जवळ आला. "अवो! घरला चला! मानाचं काय घिऊन बसलाय!" हैबतीनं हाताची मूठ चावली, पण ओ दिली नाही. मग आवाज थांबला. एकदम सगळं चिडीचूप.

डोहापलीकडे झुडूप हललं. आणि बाहेर आलं सांबर! काळं, उंच, थोराड. चांदण्यात उभं. मान वळवून इकडंच बघतंय. असं सांबर आबाजींनीही कधी बघितलं नसेल.

"उचला," म्हातारा म्हणाला. "श्वास रोखा. पुढच्या पायाच्या मागं धरा. तितं काळीज असतं. वडा!"

हैबतीनं बंदूक उचलली. नेम धरला. श्वास रोखला. आणि चाप ओढला.

खट्.

बस्स! नुसतं खट्. धूर नाही, आवाज नाही. सांबर उभंच.

"काय झालं?" म्हातारा ओरडला. आत्तापर्यंत सगळं ठाऊक असलेला जाणता, त्याला पहिल्यांदाच काही कळेना.

अरे, टोपी! घोड्याखाली पितळेची बारकी टोपी बसवतात, तिच्यातून ठिणगी उडते. शिकारी जागेवर बसला की अगदी शेवटी ती चढवायची असते. नवशिका चढवायची विसरला! आणि म्हाताऱ्यानं सगळं शिकवलं, पण टोपी सांगितली नाही, कारण त्याच्या जमान्यात टोपीच नव्हती. वात पेटवून बार काढायचे तेव्हाचा तो! मेल्याला किती शतकं झाली, देव जाणे.

हैबतीला आठवलं. कनवटीच्या टोप्या काढल्या. बोटं बधिर झालेली. एक पडली, दुसरी पडली, तिसरी बसली. पुन्हा नेम धरला. म्हाताऱ्याचा हात त्याच्या हातावर आला. गार! विहिरीच्या तळासारखा गार! बोटावर बोट. "वडा! वडा!"

तेवढ्यात सांबर बोललं.

"हैबती!"

सांबरानं त्याचं नाव घेतलं! पोरगी बंदूकवाल्याच्या घरात वाढलेली. ते खट् तिनं लहानपणापासून ऐकलेलं. टोपीवाचून घोडा आपटला, आणि नळी आपल्याकडे आहे, हे तिला तेवढ्यावरून कळलं. पुढचा बार खराच निघणार! मग कसली रीत आणि कसलं काय. सगळा जीव घशात आणून ओरडली, "हैबती! मी हाय! सुंद्रा!"

सांबराचं रूप गळून पडलं. डोहापलीकडे सुंद्रा उभी. पदर सुटलेला. दोन्ही हात पुढं केलेले. बोटानं चाप ओढलाच, पण हैबतीनं जीव खाऊन नळी वर झटकली. धडाड! जांभळीची फांदी कडाडली. बंदूक टाकली. सरळ पाण्यात उडी! पोहला की चालला, त्यालाही सांगता आलं नाही. तिचा हात धरला आणि पळत सुटला.

मागून म्हातारा. पावलं नाहीत, नुसता आवाज. आधी शिव्या. मग रडणं. आणि मग, ऐका, मग सुंद्राचाच आवाज! "अवो! मी हितं मागं ऱ्हायले! तुमच्या हातात हाय ती मी न्हवं! सोडा तिला!"

हैबती थबकला. हातातल्या हाताकडे बघितलं. सांबर बाई झालं डोळ्यांदेखत, मग ही तरी खरी कशावरनं? पकड सैल झाली.

तशी सुंद्रानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला! "मेल्या, मुडद्या! आधी गोळी घालतोस, आन् आता हात सोडतोस? पळ!"

पटलं! भूत सोंग कशाचंही घेईल, पण बायकोच्या शिव्या कुठून आणेल? पकडला हात घट्ट. काट्यांतून, दगडांतून, अनवाणी पळाला. म्हसोबा आला. शीव ओलांडून दोघं कोसळली.

मागचा आवाज शिवेपाशी थांबला. मग अगदी मायेनं, गोड आवाजात म्हणाला, "जावईबापू, वहाणा ऱ्हायल्या तुमच्या."

बाप रे! आजही सांगताना माझ्या अंगावर काटा येतो.

घरी आले तर आबाजी जागे. लकव्यानं बोलणं तुटकं झालेलं, पण सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ रडले. मग सांगितलं. तो म्हातारा त्यांच्याच घरचा. पहिल्या बाराचा मान मिळवणारा मूळ पुरुष. त्याच डोहावर एका रात्री त्याची बायको भाकरी घेऊन आली. सांबर समजून त्यानं तिला गोळी घातली. मग स्वतः तिथंच डोहात जीव दिला. शेलारांचा दुसरा कोणी तसंच करील, तेव्हा तो सुटायचा. आबाजींना बापानं सांगितलं होतं. पण जावयाला सांगायचं राहून गेलं. जावई तो, घरचा कुठं! हे आबाजी स्वतःच्या तोंडानं म्हणाले आणि हैबतीपुढं हात जोडले. पहाटे त्यांनी मोऱ्यांना बोलावून घेतलं आणि मान देऊन टाकला. सासू आदळआपट करायला लागली, तर म्हणाले, "मान जाऊ दे. लेक आली माझी. आन् माझा ल्योक आला."

त्या शिमग्याला पहिला बार मोऱ्यांनी काढला. हैबती रान उठवणाऱ्यांत डबा बडवत होता. माणसं हसली, त्याला काही वाटलं नाही. सुंद्रा मात्र त्या दिवसापासून भर अंगणात त्याला नावानं हाक मारायची. सासूनं एकदा तोंड उघडलं होतं. आबाजींनी अंथरुणातून नुसतं बघितलं, बाई गप्प झाली.

तेव्हा पोरांनो, सांबरडोहाची वाट धरू नका. आणि कधी चुकून धरलीत, आणि कोणी जाणता भेटला, तुमच्या भल्याचं सांगायला लागला, खरं खरं सांगायला लागला, तर एक शब्द ऐकू नका. मागं फिरा. तो अजून सुटलेला नाही.