खाट रिकामी नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले मुख्य वैद्यकीय अधिकारी, यंत्रणा विभागाचे तरुण अभियंता साहेब, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या टेलिफोन ऑपरेटरबाई, त्यांचे यजमान, परिचारिका भगिनींनो, आणि ड्यूटी सांभाळून किंवा चुकवून इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो!

मी रुग्णालयाच्या कपडे विभागाचा माणूस. चादरी, अभ्रे आणि पडदे यांत आयुष्य गेलं, त्यामुळे बोलणं जरा चुरगळलेलं वाटलं तर नवल नाही. संयोजकांनी 'दोन शब्द' बोला म्हटलं होतं. दोन शब्दांत आज भागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी आई या सभागृहाच्या वरच, तिसऱ्या मजल्यावर दाखल आहे, आणि आज सकाळी माझ्या घरी धाकटीचा फोन आला.

बघा, मागच्या रांगांतल्या माना एकदम वर झाल्या. कर्मचाऱ्यांना कळलं. पाहुण्यांसाठी सांगतो.

इथलं कोणी गेलं, की घरच्यांना फोन करायचं काम बाईंचं. ते काम कोणी मागून घेत नाही. बाईंनी ते कधी टाळलं नाही. त्यांची एक पद्धत होती. बातमी आधी सांगायची नाही. आधी विचारायचं, "घरात सोबत कोणी आहे का?" असेल तर त्याला जवळ बसवायला सांगायचं. नसेल तर शेजारीण येईपर्यंत फोन धरून ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "बाई, सरळ सांगून मोकळ्या का होत नाही?" तर म्हणाल्या, "अहो, उभ्या माणसाला असलं काही सांगतात का? आधी बसू तर द्या त्याला!" होता होता शहरभर त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक झाला.

मग यंत्र आलं. बाईंचे जुने फोन ऐकून ते बोलायला शिकलं, आवाजही त्यांचाच घेतला. आपण कौतुकानं त्याचं नाव धाकटी ठेवलं आणि बाईंना थोरली म्हणू लागलो. मी काही यंत्रांचा वैरी नाही हं. माझ्या घरी किराणा फोनवरून येतो, विजेचं बिल फोन भरतो, नातवाला झोपवायची गोष्टसुद्धा फोनच सांगतो. आजोबांची गोष्ट त्याला आता रटाळ वाटते. धाकटी औषधांच्या वेळा सांगायची, तपासणीची तारीख सांगायची, आणि चौकशीच्या खिडकीसमोरची भांडणं थांबली. कोणाला नको होतं?

पुढे खाटांजवळच्या यंत्रांचे आकडेही तिला जोडून दिले. कोण जाण्याची शक्यता आहे हे तिला आधीच कळू लागलं. आणि शिकलेली कोणाच्या हाताखाली? बाईंच्या! बातमी ऐकताना माणूस एकटा नसावा, हे तिनं पक्कं धरलेलं. ती आधीच फोन करू लागली. माणूस इकडे जिवंत, आणि तिकडे घरच्यांना प्रश्न!

माझ्या विभागाला त्याच वेळी मागणी येते: अमुक खाट, पूर्ण संच. म्हणजे दोन चादरी, अभ्रा, ब्लँकेट. खाट रिकामी झाली की देतो तो. पहिल्यांदा मी तो घेऊन वर गेलो तेव्हा खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापक चहात बिस्किट बुडवून खात बसले होते. "अहो, सकाळीच बदलली की चादर. कोणी बडे पाहुणे येतायत वाटतं?" मी संच पाठीमागे लपवला. संध्याकाळी ती खाट खरोखरच रिकामी झाली.

अभियंता साहेब मला म्हणाले, "काका, तिचा अंदाज सहसा चुकत नाही." साहेब, चुकेल कसा? फोन गेला, की वॉर्डातल्या फलकावर त्या खाटेपुढे 'रिकामी होणार' असं दिसतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. रक्ताची तपासणी उद्यावर जाते. खाली नवा रुग्ण त्याच खाटेसाठी ताटकळत बसलेला असतो. कोणाच्याही मनात पाप नाही. माणसं कमी, कामांचं पाणी डोक्यावरून गेलेलं; ज्याचं ठरलंच आहे, त्याच्यापाशी थांबणार कोण? मला भीती वाटते ती याचीच. कोणी दुष्ट असता तर निदान त्याच्याशी भांडलो असतो.

आपल्याच आवाजात, एका जिवंत बाईच्या घरी तो प्रश्न गेलेला ऑपरेटरबाईंनी ऐकला, तेव्हा त्या हेडफोन टेबलावर टाकून तडक वर गेल्या आणि तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या. बस्स, एवढंच. पण जवळ कोणी बसलेलं असलं की डॉक्टरांना खाट ओलांडून जाता येत नाही, "काय म्हणताय?" विचारावंच लागतं. विचारलं, आणि सलाईन केव्हाचं बंद पडलंय हे ध्यानात आलं. ती बाई आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. शिंपीणबाई, हात वर करा बघू! टाळ्या काय वाजवताय, नीट बघा त्यांच्याकडे.

तेव्हापासून बाईंनी दुपारचा डबा ऑफिसात उघडला नाही. ज्या घरी धाकटीचा फोन गेला, त्या माणसाच्या खाटेशी उघडला. सगळे वाचले असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण कोणी एकटं गेलं नाही.

आज सकाळी माझ्या बायकोनं फोन उचलला. तोच गोड आवाज, तोच प्रश्न. ती जमिनीवरच बसली. मी धावत वर गेलो, तर आई केस विंचरत होती. मला बघून म्हणाली, "असा घामाघूम का? आणि बटण लाव आधी, लोक काय म्हणतील!"

आत्ता बायको तिच्याजवळ आहे. पाचला भेटीची वेळ संपली की तिला बाहेर काढतील. कर्मचाऱ्यानं स्वतःच्या नातेवाइकापाशी थांबायचं नाही, हा आपला नियम. मी बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, आज तुमचा मानाचा दिवस, कसं सांगू?" त्या म्हणाल्या, "मान गेला खड्ड्यात. भाषणं लवकर आटपा, मी बसते." पण मुख्य लिपिकांकडून कळलं, की हा समारंभ संपला की बाईंचा पास आपोआप बंद होणार. मग वॉर्डाचं दार त्यांना ओळखणार नाही.

अध्यक्ष महोदय, तुम्ही मघापासून मला 'आवरा' अशी खूण करताय, ती दिसतेय. बाईंसाठी भिंतीवरचं घड्याळ आणलंय, छान आहे. पण द्यायचंच असेल तर त्यांचा पास चालू ठेवा. त्यांच्यानंतर त्या स्टुलावर कोण बसणार, हे आज मला कोणीच सांगू शकलेलं नाही.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी मी भलतंच बोललो. काही उणं-अधिक गेलं असेल तर ते पोटात घालावं. फक्त एका गोष्टीची माफी मागणार नाही. सकाळी त्या फोनबरोबरच आईच्या खाटेसाठी पूर्ण संचाची मागणी आली. मी तो वर नेलेला नाही. अध्यक्षांसमोर टेबलावर अंथरली आहे ना, ती त्यातलीच चादर. तिच्यावर फुलं आहेत, ती तशीच राहू द्या. कोणी घडी घालून वर पाठवू नका.

पाच वाजत आले. बाई, उठा. पास चालतोय तोवर वर जाऊ.