नाही म्हणायचा सराव

मांजरी गावाच्या बसथांब्यावर मच्छिंद्र तंबाखू मळत उभा होता. पुढ्यात गावातल्या मुक्ताबाई आणि नव्या सोसायटीतल्या उत्कर्षाताई बोलत होत्या.

"शाळेत नशेविरुद्ध तास सुरू झालाय, ताई. सरकारनं पैसे दिलेत."

"म्हणजे भिंतीवर कवट्यांची पोस्टरं."

"न्हाई वो, नाटक. एकानं तंबाखू-गुटखा पुढं करायचा, दुसऱ्यानं न्हाई म्हणायचं. आधी थोड्या शाळांत करून बघितलं, पोरं खरंच नशेपास्नं लांब राहिली, तवा पैसे मंजूर झाले."

"सरकारने आधी तपासून पाहिलं? नवलच आहे."

"आमची वैष्णवी घरी आजोबांसंगं सराव करती. सासऱ्यांनी गोड बोलून बघितलं, चिडवून बघितलं. पोर न्हाई म्हंजे न्हाईच."

"शाबास!"

"मग पाळी बदलली. तिनं त्यांचीच तंबाखूची चंची पुढं केली. जन्माची सवय, हात गेलाच."

"हसली असेल."

"न्हाई. म्हणाली, चुकलं तर परत करायचं, असं बाईंनी सांगितलंय. आता रोज संध्याकाळी सासरे स्वतःच चंची तिच्या हातात देऊन समोर बसतात. म्हणतात, दे गं, आज न्हाई म्हणतो."

"आणि म्हणतात?"

"काल म्हणाले, ताई. अंगावर काटाच आला."

"अन् आज?" मागून मच्छिंद्रनं विचारलं. मळलेली तंबाखू त्याच्या तळहातावर तशीच होती.