मैनाबाईचं टोपलं

नाई जी मास्तर, मी नाई येत उद्या. एक डाव सांगितलं, दोन डाव सांगितलं, आता तिसऱ्यानं काहून विचारता? नारय नको, शेला नको, आन् थे हाराचं तं नावच काढू नका — हार घालून मिरवाले मी काय पोयातला बैल हो? बसा. उभ्यानं नका बोलू, थ्या बाजेवर बसा, पानी प्या, बडनेऱ्याहून दमनीत हादरत आले तुमी. तुमच्यावर राग नाई माहा. तुमी शायेचे मास्तर, तुमच्या मंडळाच्या गोपाळकृष्ण वकीलसाहेबानं पाठवलं — का जा, पुंजाराम बुढ्याले चावडीची जुनी हकिगत विचारून ये, पुस्तकात लिहाची हाये, आन् त्याले उद्याचं आवतन बी दे. तुमी हुकमाचे ताबेदार. पन मले त्या चावडीची शिसारी आली ना जी. हासू नका, खरंच. वावरात जातो तं गावाबाहेरून लांबचा फेरा घेतो, पन चावडीपुढून जात नाई.

काय म्हनता? मंडळानं चावडी वाचवली? कोनापासून वाचवली जी? आमच्यापासून? पाहा ना, सागाचे खांब होते, शंभर वर्षं मानसं पाठ टेकून बसले त्याले, कसा गुयगुयीत कायाभोर रंग चढला होता — त्यावर हिरवा आइलपेंट फासला. वर्स झालं, वास जाईना. खाली फरशी टाकली, आन् भितीवर पाटी — चावडीत विनाकारण बसू नये, थुंकू नये, निजू नये, जनावर बांधू नये. विनाकारण! अरे बाप्पा, चावडीत मानूस कारनानं बसते काय? कारन असलं तं थो वावरात नसता? आन् वर टिनाचे पत्रे. आता वैशाख हाये, दुपारी जाऊन बसा आत घडीभर — भाकर भाजून निंघन. कुत्रं बसत नाई तठी, मास्तर, कुत्रं. आन् उद्या डिप्टी साहेब येनार, फीत कापनार, तुमचे वालंटियर पोट्टे पांढऱ्या टोप्या घालून रांगेत उभे राह्यनार. कोनासाठी? पारव्यायसाठी. थेच राह्यते तठी आता, घान करते त्या फरशीवर, आन् मले थे एक बरं वाटते.

रीत सांगतो तुमाले, लिहा. चावडीले मातीचं धाबं होतं, सपाट छप्पर. खाली सागाचे आडवे सरे, त्यावर दांडे, त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या, आन् पऱ्हाट्यावर माती — साधी नाई, गढीवरची पांढरी माती, थे पानी गयू देत नाई. दर वर्षी पावसायाच्या आधी नवा थर पाह्यजे. आन् थो थर कोन टाके? पाटील नाई, सरकार नाई — सारं गाव. अखजीनंतरचा — तुमी अक्षय्य तृतीया म्हनता — पयला सोमवार, आन् घरटी एक टोपलं. शंभर एकरवाला असला तरी एक, आन् मजुरी करनारा असला तरी एकच. धाब्यावर आमच्या घरचा मानूस उभा राहे, मानच होता थो — पयले माहा आजा, मंग बाप, मंग मी. शिडीवरून टोपलं हातात घ्याचं आन् घराचं नाव मोठ्यानं घ्याचं — नत्थुजीचं घर! — का खालून सारे म्हनत, चढलं! झालं. त्या घराचं वरीस पक्कं. त्याच्या लग्नाले गाव, पंगतीत त्याचा पाट, मयताले चार खांदे. आन् ज्याचं टोपलं चढलं नाई, त्याचं वर्सभर काईच नाई. तोंडानं कोनी म्हनत नसे का तुले बाहेर टाकलं म्हनून. नुस्तं नाव घ्याचं नाई. टोपलं खालीच राहे.

काय म्हनता, सुंदर रीत? लिहू नका सुंदर म्हनून. महारपुऱ्यातल्या लोकाईचं टोपलं आमी सर्वात शेवटी घेत होतो, आन् त्याच धाब्याखाली त्याईले बसू देत नव्हतो. माती चाले, मानूस चाले ना. अशी होती रीत. मले काई तिची आरती नाई ओवायाची. मी फक्त सांगून राहिलो का धाबं कशानं टिकलं.

शिसारी काहून, थे विचारता. आता विचारलं तं आयका. माही मोठी बहीन, मैनाबाई. मी बाईच म्हनतो तिले. माय आजारी राहे माही, तं मी बाईच्याच कडेवर वाढलो. तिचा नवरा लवकर मेला, थे माहेरी आली, बापानं तिले दोन एकर वावर देल्लं आन् नाल्यापाशी वेगयं घर बांधून देल्लं. घर वेगयं, म्हनून टोपलं वेगयं. बरं. तं पांधनीचा खटला झाला. इहिरीवर जाची पांधन, आजा-पंज्यापासूनची वाट — महादेवराव पाटलानं नांगर घालून आपल्या वावरात घेतली. ज्याचं वावर त्या वाटेवर होतं त्या भगवंतरावानं अमरावतीच्या कोर्टात दावा लावला, पन साक्षीले कोनी जाईना. जो तो म्हने, आमाले काय मालूम. मी बी तेच म्हनलं. वाट होती, मास्तर. माहे बैल रोज त्या वाटेनं पान्यावर गेले. पन म्या म्हनलं, ध्यानात नाई. आन् बाई गेली. डोक्यावर पदर घेऊन उभी राह्यली कोर्टात आन् म्हने, वाट होती, मी रोज डोक्यावर पानी आनत होती, मी कशी इसरीन? पाटील हरला.

पुढची अखजी आली. बाईनं टोपलं वर केलं. म्या हात लांबवला होता — लांबवला होता जी, खोटं नाई सांगत. खाली पाटील उभा. त्यानं नुस्तं माह्याकडे पाह्यलं आन् मिशीवरून हात फिरवला. बस्. म्या हात मांगं घेतला, बाईच्या मांगं गावातली कौशल्या उभी होती, तिचं टोपलं घेतलं आन् नाव बी तिचंच घेतलं. खालून सारे म्हनले, चढलं. नऊ वर्षं, मास्तर. नऊ वर्षं दर अखजीले बाई टोपलं घेऊन आली, शिडीपाशी उभी राह्यली, आन् भरलं टोपलं घेऊन परत गेली. रडली नाई, हात जोडले नाई, मले एक वाकडा शब्द बोल्ली नाई. मी चोरून तिच्या घरी ज्वारी नेली एक डाव, मांगच्या दारानं. तिनं पायली बी ठेवून घेतली नाई. म्हने, पुंजा, पुढच्या दारानं आन. — मंग? मंग काय, म्या वापस आनली.

आन् पाटील मेला. परसालच्या आधीची दिवायी, तवा. आता भेव कोनाचं? कोनाचंच नाई. म्या बायकोच्या तोंडी निरोप धाडला — पार्बता, बाईले सांग, ह्या अखजीले आन, मी घेतो.  मंग पार्बता येऊन सांगे, बाई गढीवर बसून माती खंदून राहिली, चायनीनं चायून राहिली, एक खडा ठेवत नाई. सत्तरीची बुढी!

आन् त्याच पंधरवड्यात तुमचं मंडळ आलं. फीत लावून मापं घेतली, म्हने धाब्याचं वजन फार झालं, सरे मोडतीन. खोटं नव्हतं थे — मधला सरा वाकलाच होता. एक टेकू देल्ला असता तं धकलं असतं, पन टेकूची फीत कोन कापते? शनवार-रविवार तुमच्या पोट्ट्याईनं धाबं खंदलं. हातभर जाडीचा थर, मास्तर. माह्या आजाच्या हातानं पसरलेली माती, माह्या बापाच्या हातची माती, फावड्यानं खाली, आन् तठून गाडीत, आन् गाडीतून भातकुलीच्या सडकेच्या खड्ड्यात. आन् गात होते जी! श्रमदानाचं गानं गात होते. कचरा म्हनत होते त्याले. थू! सोमवारी पत्रे चढाले लागले. कोतवालानं आदल्या दिवशी दवंडी देल्ली होती, का यंदा कोनी माती आनू नाई. साऱ्या गावात फिरला, नाल्याकडे गेला नाई. बाईच्या घराकडे नऊ वर्षांत दवंडी गेलीच नव्हती, त्याच्या पायाले ती वाट ठाऊकच नाई.

तं बाई आली. डोक्यावर टोपलं, धुतलेलं लुगडं नेसून. शिडी तठीच होती, मी वर होतो, पत्र्याचं टोक धरून. म्या म्हनलं, बाई, आता माती लागत नाई. तिनं टोपलं खाली ठेवलं, मान वर केली. म्हने, कोनाचीच लागत नाई, का माहीच? — ठोकाठाकी चाल्ली होती वर, घनघन घनघन. म्या कानाले हात लावला, आयकू नाई आलं असं दाखवलं. आलं होतं, मास्तर. सबूद न् सबूद आला होता. तिनं टोपलं गुडघ्यावर घेतलं, गुडघ्यावरून डोक्यावर, एकटीनंच, आन् चाल्ली गेली. तवापासून एका गावात राहून आमी समोरासमोर नाई.

नाई, मंडळानं जबरदस्ती नाई केली. तसं नका लिहू. कोनं परवानगी देल्ली? हाये ना तुमच्या कागदात. धाब्याचा मानकरी म्हनून ज्याचा अंगठा हाये थो मीच. — आता पाहून काय राहिले माह्याकडे? वकीलसाहेब भला मानूस हो. थो म्हने, पुंजारामजी, घाई नाई, तुमचा सोमवार होऊन जाऊ द्या, रीत होऊन जाऊ द्या, मंग उघडू धाबं. म्याच म्हनलं, नाई, सोमवारच्या आधीच उघडा. माह्या तोंडानं म्हनलं. काहून? अहो, सारं गाव खाली उभं राह्यलं असतं, आन् मले वरून मोठ्यानं म्हना लागलं असतं, मैनाबाईचं घर! खालून कोनी 'चढलं' म्हनलंच नाई तं? आन् म्हनलं, तं मंग? मंग साऱ्याईनं माह्याच तोंडाकडे पाह्यलं असतं, का इतकं सोपं होतं तं नऊ वर्षं काय करत होता? पाटील मेला होता ना. त्याच्यावर ढकलता येत नव्हतं आता. तुमचे पत्रे आले आन् मले वाटलं, सुटलो. देवानं धाडले असं वाटलं.

काय? काय म्हनले? बाईले उद्या बोलावतो? डिप्टी साहेबाच्या पुढे टोपलं घेऊन उभी करतो, जुन्या रीतीचा नमुना म्हनून, आन् फोटो काढतो? मास्तर! लाज वाटू द्या थोडीशी. नऊ वर्षं शिडीपाशी उभी राह्यली थे कमी पडलं काय, का आता फोटोत बी उभी ठेवता तिले, टोपलं हातात धरून, जनमभर? नाव नका घेऊ तिचं. तुमाले जमते तं दुसरं करा. कोपऱ्यातला एक पत्रा काढा. एकच. एक टोपलं पसरन एवढी जागा. उद्या साऱ्या गावापुढे, डिप्टी साहेबापुढे मी शिडी चढतो आन् तिचं नाव घेतो. मंग तुमचा हार बी घालून घेतो. काढता? बोला ना. काढता पत्रा?

नाई ना? वकीलसाहेबाले विचारा लागन, आन् समारंभ उद्यावर आला, आन् पावसाया तोंडावर हाये — हो, बरोबर हाये तुमचं. नका काढू.

पाहा कसा हाय मी. तुमी काय म्हनता त्याची वाट पाहून राहिलो होतो तं भेव वाटून राहिलं होतं मले, का हा मास्तर हो तं नाई म्हनत? आन् तुमी नाई म्हनले, आन् मले बरं वाटलं. आताही बरं वाटलं! जा मास्तर. उठा बाजेवरून, पुरं झालं. जा म्हनलं ना.