पेट्रोलच्या गाळणीची जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय अरुणाताई दिघे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या मंडळाचे चिटणीस श्री. विनय, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती डॉक्टर शशिधर मोघे, त्यांच्या सहधर्मचारिणी सौभाग्यवती सुनीतीताई, आणि रीडिंगपासून पिनरपर्यंतच्या गावांतून आपली शनिवारची संध्याकाळ मोडून आलेल्या बंधू-भगिनींनो,

आपणा सर्वांस माझा विनम्र नमस्कार. जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मी पुरुषोत्तम गद्रे. नागपूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर इंग्लंडात मुलाकडे रीडिंगला आलो, आणि पूजा सांगणारे दुसरे कोणी मिळेना म्हणून या मंडळाचा शास्त्रीबुवा झालो. आपल्या हातातील पत्रिकेत माझ्या नावापुढे छापले आहे, ‘आशीर्वचन, दहा मिनिटे. त्यानंतर कार पार्कमध्ये डॉक्टरांच्या गाडीस शास्त्रीबुवांच्या हस्ते औक्षण.’ विनय, ही पत्रिका तुम्ही मला न विचारता छापलीत. ते औक्षण मी करणार नाही. का, ते सांगतो, आणि ते दहा मिनिटांत मावले नाही तर अध्यक्षांनी मला सांभाळून घ्यावे ही प्रार्थना.

प्रथम डॉक्टरांविषयी बोलतो, कारण त्यांच्या गुणांविषयी माझी काहीच तक्रार नाही. सव्वीस वर्षे त्यांनी इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव होते आणि भूल देणाऱ्याचे नाव रुग्णाला आठवतही नाही, हे त्यांनी हसत सोसले. मला मात्र आठवते. चार वर्षांपूर्वी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले तेव्हा मी टेबलावर आडवा होतो आणि डॉक्टर माझ्या उशाशी उभे राहून यंत्राच्या नळ्या तपासत होते. एकेक जोड बोटांनी धरायचा, दोनदा ओढून पाहायचा, मग पुढचा. मी विचारले, “अहो, हे काम नर्सनं केलेलं नाही का?” म्हणाले, “केलंय. पण शास्त्रीबुवा, सुटतो तो जोड आपण न बघितलेलाच असतो.” हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झोपी गेलो. अशा माणसाच्या हाती प्राण द्यायला भीती कसली?

मग मला सांगा, सज्जनहो, ज्याने परक्यांच्या नळ्यांचे जोड सव्वीस वर्षे दोन-दोनदा ओढून पाहिले, तो आपल्या पत्नीच्या गुडघ्यांपासून हातभर पुढे असलेला पेट्रोलचा जोड एकदाही का पाहत नाही?

आपण सर्वांनी ती गाडी पाहिली आहे. दोन माणसांची, लाल, पस्तीस वर्षांची, छत कापडाचे. दोन हजार पाच साली डॉक्टरांनी ती घेतली आणि त्या दसऱ्याला, याच हॉलच्या कार पार्कमध्ये, मी तिची पूजा सांगितली. बाकीच्या मंडळींच्या गाड्या बॉनेट मिटून उभ्या होत्या. डॉक्टरांनी मात्र बॉनेट उघडले आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, हिचं काळीज बघा. हळदकुंकू इथे लावा.” इंजिनाच्या डोक्यावर एक पारदर्शक डबी होती, अंगठ्याएवढी, आणि तिच्यात मधासारखे काहीतरी हलत होते. मी विचारले, हे काय? म्हणाले, “पेट्रोलचा फिल्टर. मुद्दाम इथे बसवून घेतलाय. बॉनेट उघडलं की पेट्रोल स्वच्छ आहे ते दिसतं.” मी त्या डबीला कुंकू लावले, आणि कापूर पेटवून तीन वेळा तिच्यावरून ओवाळला.

हसू नका. त्या कापराची आठवण झाली की मला आजही घाम फुटतो.

मला त्यातले काही कळत नव्हते, म्हणून मी क्षम्य आहे, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावले. पण अग्नीच्या बाबतीत आमचे शास्त्र तरी ढिले कुठे आहे? होमात तूप लागते, तुपावाचून होम नाही. तरीही तुपाचे पात्र कुठे ठेवायचे याची जागा नेमलेली असते. दर्भांवर, अग्नीपासून ठरल्या अंतरावर. तिथून पळीने घ्यायचे आणि मोजून द्यायचे. तुपाचे भांडे कुंडावर टांगून ठेवा, म्हणजे वरून ते छान दिसेल, असे कोणत्याही आचार्याने सांगितलेले नाही. जन्मभर हे शिकवणारा मी, त्या इंजिनावर वाकलो होतो आणि समोर टांगलेले भांडे मला दिसले नाही.

यंदाच्या मे महिन्यात पिनरला एकांकडे सत्यनारायण होता. परतताना डॉक्टर म्हणाले, माझ्या गाडीतून चला. एम-फोर महामार्गावर गाड्यांची रांग लागली होती, ऊन होते, आणि आम्ही गोगलगाईच्या चालीने पुढे सरकत होतो. मला वास आला. मी म्हणालो, “डॉक्टर, पेट्रोलचा वास येतोय.”

“जुनी बाई आहे, शास्त्रीबुवा. तिला तिचा स्वतःचा परफ्यूम आहे.”

“मला मळमळतंय.”

“सत्यनारायणाचा प्रसाद दोनदा घेतलात तुम्ही. मी पाहिलं.”

पुढच्याच क्षणी बॉनेटच्या फटीतून धूर आला. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि मला दंडाला धरून बाहेर ओढले. मागच्या व्हॅनमधला एक माणूस अग्निशामक नळकांडे घेऊन धावत आला. त्याचे नावसुद्धा आम्ही विचारले नाही. तो नसता तर आज हा समारंभ वेगळ्या प्रकारचा झाला असता, आणि आशीर्वचनाला मी नसतो.

गाडी केनच्या गॅरेजात गेली. केन साठीचा आहे, जुन्या गाड्यांवरच त्याचे पोट आहे, बोलतो कमी. त्याने मला जळके रबर हातात दिले. ती नळी उष्णतेने लाकडासारखी कडक झाली होती, आणि तिच्या टोकाला आवळायची क्लिपच नव्हती. मी त्याला म्हणालो, मी म्हातारा संस्कृतचा मास्तर आहे, मला लहान मुलासारखे समजावून सांग. त्याने सांगितले ते मी आपल्या भाषेत सांगतो. टाकी मागे असते, इंजिन पुढे. मधल्या नळीत गाळणी घालायची, तर नळी कापावी लागते आणि दोन जोड नव्याने तयार होतात. डॉक्टरांच्या गाडीत ते दोन जोड इंजिनाच्या डोक्यावर आहेत, आणि त्यांच्या वीतभर खाली धूर बाहेर नेणारा एक्झॉस्टचा बिडाचा नळा तापत असतो. केन म्हणाला, “जोड कधीतरी गळणार हे धरूनच जागा निवडायची. गळला तर थेंब रस्त्यावर पडला पाहिजे, तापलेल्या लोखंडावर नाही.” त्याची योग्य जागा मागे, टाकी आणि पंपाजवळ, एक्झॉस्टचा पाइप ज्या बाजूने जातो त्याच्या विरुद्ध बाजूला. गाळणी प्लास्टिकची नको, धातूची. पट्टीने सांगाड्याला घट्ट धरलेली, दोन्ही टोकांना क्लिपा. दीड तासाचे काम.

इतके सोपे आहे, सज्जनहो. यात कोणते गूढ आहे? कोणते वैराग्य लागते?

डॉक्टरांनी बॉनेटला नवा रंग दिला. नळी नवी घातली. आणि पुन्हा तशीच प्लास्टिकची पारदर्शक डबी त्याच जागी बसवून घेतली. केनने नकार दिला म्हणून दुसरीकडे जाऊन बसवून घेतली. मी जूनमध्ये विचारले, जुलैमध्ये विचारले. “पॅनिक होऊ नका, शास्त्रीबुवा, नवी नळी आहे.” ऑगस्टमध्ये विचारले. “मागे बसवला तर मला दिसणार कसा?” मग मी विचारायचे सोडले. का सोडले, हे सांगायला मला आज जड जात आहे, पण सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून उतरणे बरे नव्हे.

गणेशोत्सवात डॉक्टर प्रत्येकाला ती आगीची हकिगत सांगत होते, आणि शेवटी म्हणत होते, “शास्त्रीबुवांनी पूजा केलेली गाडी आहे. तिला काय होणार?” नव्याने आलेली तरुण कुटुंबे माझ्या पाया पडली. तिघांनी विचारले, आमच्याही गाडीची पूजा सांगाल का? आणि मला, सज्जनहो, ते आवडले. व्हॅनवाल्याने आग विझवली होती आणि श्रेय मी घेतले. नाही म्हणालो नाही, हे घेण्यासारखेच आहे. त्या दिवसापासून डॉक्टरांना सांगायला मला तोंड उरले नाही. ज्या पूजेने तुम्ही वाचलात तिच्यावर भरवसा ठेवू नका, असे त्याच पूजेचे नमस्कार घेणाऱ्याने कसे म्हणावे?

उद्या सकाळी आठ वाजता डॉक्टर आणि सुनीतीताई त्या गाडीने एडिनबराला निघत आहेत. मुलगी ईरा तिथे आहे, घर घेतले आहे, उर्वरित आयुष्य तिथे जाणार आहे. चारशे मैल. परवा गुरुवारी सुनीतीताई माझ्याकडे आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, “मी बसणार आहे त्या गाडीत. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

मी म्हणालो, “माझं तरी कुठे ऐकतात?”

“मी काही म्हटलं की तुमच्या पूजेचं नाव सांगतात. मग त्यावर मी काय बोलू? देवाच्या विरुद्ध बोलू?”

ताई, त्या प्रश्नाचे उत्तर मी आपणास देणे लागतो. आज ते मी सर्वांसमक्ष देतो.

ज्याचे आवाहन केले त्याचे विसर्जनही करता येते, हे आपण सर्व जाणता. आज साडेपाच वाजता, आपण आत चहा घेत होता तेव्हा, सुनीतीताई आणि मी कार पार्कमध्ये गेलो. त्यांनी तबक धरले. मी त्या लाल बॉनेटवर अक्षता वाहिल्या आणि दोन वर्षांपूर्वी ज्या देवतेला तिथे बोलावले होते तिला स्वस्थानी जाण्याची विनंती केली. विधिवत, संकल्प सोडून. पूजा संपली. डॉक्टर, आपल्या गाडीत आता देव नाही. तिथे लोखंड, रबर आणि पेट्रोल आहे. त्यांना मंत्र कळत नाही. क्लिप कळते.

विनय, चिठ्ठी पोहोचली. दोन मिनिटांत आवरतो.

केनशी मी बोललो आहे. उद्या रविवार असूनही तो नऊ वाजता गॅरेज उघडेल. गाळणी त्याने आणून ठेवली आहे, धातूची. साडेदहाला काम होईल, आणि रात्रीपर्यंत आपण ईराकडे पोहोचाल. प्रश्न एवढाच की आठ वाजता निघायचे की साडेदहा वाजता. डॉक्टर, मी आपणास इथे, आपल्या सत्काराच्या दिवशी, विचारत आहे. हे औचित्याला धरून नाही हे मला समजते. एकांतात तीन महिने विचारून झाले.

डॉक्टर मान हलवत आहेत. हो की नाही ते इथून कळत नाही.

सुनीतीताई, आपण उत्तर देऊ नका. त्यांना देऊ द्या.

सर्वांना ऐकू आले का? माइकशिवाय बोलले, म्हणून मी सांगतो. डॉक्टर म्हणाले, “नऊ वाजता. पण मागे बसवल्यावर मला तो दिसणार नाही हो.” डॉक्टर, दिसेल. त्यासाठी गुडघे टेकून वाकावे लागेल. आपण दर महिन्याला वाकावे आणि दोन्ही जोड दोनदा ओढून पाहावेत. आपल्या हाताला त्याची सवय आहे. आणि एडिनबराला पोहोचलात की मला फोन करावा. तो येईपर्यंत मी जेवायला बसणार नाही, हे सून ऐकते आहे म्हणून मोठ्याने सांगून ठेवतो.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवले नाही, मंडळाने एका म्हाताऱ्याला ध्वनिक्षेपक सोपवला, आपण सर्वांनी वडे थंड होऊ दिले, यासाठी मी ऋणी आहे. सव्वीस वर्षे या गावच्या माणसांना झोपवून पुन्हा सुखरूप जागे करणाऱ्या डॉक्टरांपुढे मी नतमस्तक आहे. बोलण्याच्या ओघात उणेअधिक झाले असेल, समारंभाची शोभा कमी झाली असेल, तर ते वृद्धत्वाच्या खात्यावर टाकून सोडून द्यावे. गाडीविषयी जे बोललो त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. क्षमा मागतो ती ऑगस्टपासून आजवर गप्प राहिलो त्याबद्दल, आणि ती फक्त सुनीतीताईंची.

नमस्कार.