काकूंची नवी डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटर कवटाळून उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंच्या पुढे एक जोडपं होतं.

"काकू, डिस्क जोडलीत नवी आणि फॉरमॅट मारलंत जुनीवर," दुकानदार जोडप्यातल्या बाईंना म्हणाला.

"झाली चूक. फायली मिळतील?"

"मिळतील, पण वेळ लागेल. त्यांचा नाद सोडलात तर आत्ता चालू करून देतो."

"सोडला नाद," नवरा म्हणाला. "हिचं काय असणार त्यात?"

"खबरदार! माझी गाणी आहेत."

"डाउनलोड केलेली ना? परत कर."

"मी गायलेली."

"तू गातेस? कधी?"

"तुम्ही ऑफिसला गेलात की."

"मला कधी ऐकवलं नाहीस."

"ऐकवलं होतं एकदा. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

"मग काकू, जुनीवरची गाणी मिळवतो. ही नवी डिस्क काढून ठेवू?" दुकानदाराने विचारलं.

"मुळीच नाही. अजून पुष्कळ गायचंय."